तिथे बघायला आहे काय? रूट २९ वरून जाणाऱ्या मराठी मंडळींना खुले पत्र

उत्तर व्हर्जिनियातल्या समस्त मराठी मंडळींना,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर मी एक साधा प्रस्ताव टाकला. जूनमधल्या एका रविवारी सकाळी निघू, ब्रँडी स्टेशनला, अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या एका लढाईच्या जागी, जाऊन दुपारच्या जेवणाला घरी परत. त्यावर अकरा अंगठे आले, दोन जोडलेले हात आले आणि एक प्रश्न आला, "तिथे बघायला आहे काय? किल्ला आहे का?" मी लिहिले, नाही. "म्युझियम?" छोटेसे. "मग?" मी खरे तेच लिहिले: गवत आहे, आणि रस्त्याकडेला एक फलक आहे. पुढच्या मिनिटाला कोणीतरी आमरसाच्या डब्यांची चौकशी सुरू केली आणि विषय बारगळला.

तो बारगळू नये म्हणून हे पत्र. जरा लांबेल, पण ग्रुपवर मला कोणी पूर्ण बोलू देत नाही.

तो फलक तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे, वाचलेला नाही. मुलांना शार्लट्सव्हिलला कॉलेजात सोडायला आणि सुट्टीत परत आणायला आपण किती खेपा घालतो! वॉरेंटन मागे पडते, रेमिंग्टन जाते, रॅपहॅनॉक नदीचा पूल कधी आला आणि गेला ते कळत नाही, आणि मग रस्त्याच्या कडेला एका खांबावर तो उभा असतो. चंदेरी पत्र्यासारखा दिसणारा ओतीव अॅल्युमिनियमचा फलक, दोन्ही बाजूंनी काळी ठसठशीत अक्षरे, माथ्यावर राज्याची मुद्रा. त्या मुद्रेत पाडलेल्या जुलमी राजाच्या अंगावर पाय देऊन एक स्त्री उभी आहे. व्हर्जिनियाने असे फलक १९२७ पासून लावायला घेतले, आज ते २,६०० च्या वर आहेत. १९२७ ची मोटार आणि तेव्हाचा रस्ता डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कळेल की फलक वाचायला तेव्हा वेळ होता. आपण साठच्या वेगात जातो, तेवढ्यात तीन शब्द वाचून होतात. माझ्या मुलीने लहानपणी मागच्या सीटवरून ते तीन वाचले आणि विचारले, "बाबा, ब्रँडीवरून लढाई झाली होती का?"

गावाचे नाव दारूवरून पडले हे मात्र खरे असावे. १८१२ च्या युद्धाच्या काळात इथल्या खाणावळीतली ब्रँडी संपली आणि चिडलेल्या शिपायांनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'ब्रँडी' लिहून ठेवले, अशी गोष्ट सांगतात.

मी स्वतः तिथे पहिल्यांदा थांबलो तो काही इतिहासाच्या ओढीने नव्हे. टायरमधली हवा कमी झाल्याचा दिवा लागला होता. गाडी कडेला घेतली, चाकाला लाथ मारून पाहिली (याने काय कळते ते मला आजवर कळलेले नाही), आणि उभा होतो तिथून फलक वाचला. शेजारून ट्रक गेला की अंगातला शर्ट फडफडायचा. अशा फलकात शे-सव्वाशे शब्द मावतात. तारीख, दोन सेनापती, नदीचे दोन उतार (म्हणजे पाण्यातून पार होण्याच्या उथळ जागा), एक टेकडी आणि एक दावा: ९ जून १८६३, अमेरिकेच्या भूमीवरची सगळ्यांत मोठी घोडदळाची लढाई. दोन्हीकडचे मिळून वीस हजारांच्या आसपास सैनिक, त्यांतले सतराएक हजार घोड्यावर. फलकापलीकडे पाहिले तर शेत, तारेचे कुंपण आणि एक काळी गाय.

सतरा हजार घोडे. आपल्यातल्या बहुतेकांनी चौथीत पाठ केलेले दोन शब्द मला तिथे आठवले, आणि तेव्हापासून मी म्हणतो की ही लढाई मराठी माणसाला जितकी चटकन कळेल तितकी इथल्या शेजाऱ्यालाही कळणार नाही. ते शब्द म्हणजे शिलेदार आणि बारगीर. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळतो तो बारगीर.

या यादवी युद्धात देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेचा स्वार शिलेदार होता. घोडा त्याने घरून आणायचा. सरकार घोड्याच्या वापराचे दिवसाला ४० सेंट देई, आणि लढाईत घोडा पडला तर त्याची किंमत देई. पण घोडा लंगडा झाला, रोगाने गेला, उपासाने खंगला, तर ते स्वाराचे नशीब. मग रजा काढून गावी जायचे, कुठून तरी दुसरा घोडा पैदा करायचा, नाही जमले तर पायदळात जायचे. घोडे गमावून बसलेल्या अशा स्वारांच्या घोळक्याला ते थट्टेने 'कंपनी क्यू' म्हणत. युद्धाची पहिली दोन वर्षे हा शिलेदार भारी पडला, कारण तो खोगिरातच वाढलेला होता आणि घोडाही त्याच्या ओळखीचा होता.

उत्तरेचा, म्हणजे युनियनचा, स्वार बारगीर. कोणी दुकानात काम करणारा, कोणी गिरणीतला, घोड्यावर बसायला सैन्यात येऊनच शिकलेला. सुरुवातीला ही सरळसरळ खोगीरभरतीच होती, आणि दक्षिणेचे लोक त्यांची यथेच्छ टर उडवत. पण बारगिरामागे सरकार होते. सरकारी घोड्याचा शिधा ठरलेला, दिवसाला १४ पौंड गवत आणि १२ पौंड धान्य. दोन्हीकडच्या सतरा हजार घोड्यांनी गुणा. रोजचे दोनशे टन होते. एवढे कोणती रयत पुरवणार? ते रेल्वे आणि गोदामेच पुरवू शकतात, आणि ती उत्तरेकडे होती. त्याच वर्षी वॉशिंग्टनला पोटोमॅकच्या काठी गीझबरो नावाच्या जागी सरकारने घोड्यांचा प्रचंड डेपो उभारला. इंटरस्टेट २९५ वरून जाताना नदीच्या बाजूला लष्करी तळ दिसतो ना, तीच ती जागा. शिलेदारांकडे असले काही नव्हते. त्यांचा घोडा मेला की मेला.

ही दोन घोडदळे बरोबरीने एकमेकांना पहिल्यांदा भिडली ती ब्रँडी स्टेशनला.

दक्षिणेच्या घोडदळाचा सरदार जेब स्टुअर्ट, वय वर्षे तीस, टोपीत शहामृगाचे पीस. त्या आठवड्यात त्याने याच शेतांवर दोनदा संचलन भरवले. ५ जूनला रेल्वेने बायाबापड्या बघायला आल्या, रात्री नाच झाला, लुटुपुटूच्या हल्ल्यात तोफांचे बार काढले. ८ तारखेला इथल्या दक्षिणी फौजेचे सेनापती खुद्द रॉबर्ट ई. ली पाहायला आले म्हणून पुन्हा सगळे मांडले, फक्त या खेपेला घोडे दमवू नका अशी लींची ताकीद होती. दुसऱ्या दिवशी नदी ओलांडून उत्तरेकडे स्वारीला निघायचे होते. वरातीचा थाट उतरवून माणसे झोपली.

पहाटे साडेचारच्या सुमाराला धुक्यातून बेव्हर्लीच्या उताराने उत्तरेच्या जॉन ब्युफर्डचे स्वार नदी उतरले. पहाऱ्यावरच्यांचे बार ऐकून दक्षिणेचे लोक उठले ते तसेच घोड्यावर बसले, कोणी बिनखोगिराने, कोणी अर्ध्या कपड्यांत. उत्तरेच्या आघाडीवर कर्नल ग्राइम्स डेव्हिस होता. जन्माने अलाबामाचा, म्हणजे दक्षिणेचा, पण इमान त्याने युनियनशी राखले. तो त्या उताराच्या वाटेवरच पडला. पुढे सेंट जेम्स चर्चपाशी सहाव्या पेनसिल्व्हेनिया पलटणीने उघड्या शेतातून तोफांवर घोडे घातले. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत ही मंडळी हातात भाले घेऊन हिंडत, आता तलवारी उपसून निघाली होती. ते चर्च आज नाही, झाडी आहे. जवळच लहान विमानांचा विमानतळ आहे. तिथे मी उभा होतो तेव्हा डोक्यावरून एक विमान इतके खालून गेले की मी वाकलो.

पण मला तुम्हाला न्यायचे आहे ते फ्लीटवुड हिलवर. हिल म्हणायला हिल, आपण तिला टेकाड म्हणू. पर्वतीची सवय असलेल्या माणसाला चढ लागतो तोवर माथा येतो. तिथे उभे राहून मग दुपारचा प्रसंग बघा. स्टुअर्टची बहुतेक फौज ईशान्येला ब्युफर्डशी गुंतलेली. टेकाडावर त्याचा सहायक हेन्री मॅक्लेलन आणि थोडे जासूद, बाकी कोणी नाही. आणि भलत्याच बाजूने, केलीच्या उताराने नदी उतरून आलेली उत्तरेच्या ग्रेगची फौज खाली स्टेशनापाशी दिसू लागली. टेकाड घेतले की स्टुअर्टची पाठ मोकळी पडणार. मॅक्लेलनजवळ एकच तोफ होती, तीही दारूगोळा सरत आला म्हणून लढाईतून मागे आणलेली. त्याने ती माथ्यावर चढवली आणि पेटीच्या तळाशी उरलेले थोडे गोळे सावकाश, एकेक करून डागायला सांगितले. खालून आघाडीवर येत होता सर पर्सी विंडहॅम. तो थबकला. वर तोफ आहे म्हणजे मागे फौज असणार, असा त्याचा हिशोब. त्याने आपल्या तोफा पुढे मागवल्या. त्यात जी मिनिटे गेली तेवढ्यात जासुदाच्या निरोपावरून स्टुअर्टचे स्वार भरधाव परत आले, आणि दोन्ही बाजू माथ्यावर जवळजवळ एकदमच पोचल्या.

हूल द्यावी तर अशी. रिकामे टेकाड एका तोफेने राखले. हा विंडहॅम पुढे फिरत फिरत कलकत्त्याला आला आणि शेवटी ब्रह्मदेशात फुग्याच्या अपघातात मेला, हे मी उगीचच सांगतो आहे, पण तुम्हीच सांगा, हे न सांगता कसे राहवेल?

मग त्या टेकाडावर दुपारभर जे झाले ते तलवारीचे युद्ध होते. पलटणीमागून पलटण चढली, उतरली, तोफा हातांतून हातांत गेल्या, धुळीत आपला कोण आणि परका कोण कळेना. दक्षिणेला स्टीव्हन्सबर्गपाशी एका गोळ्याने स्टुअर्टच्या बाजूच्या कर्नल मॅथ्यू बटलरचा पाय तोडला. संध्याकाळी उत्तरेचे सेनापती प्लेझंटन आपली फौज घेऊन नदीपार परतले. उत्तरेचे सुमारे ९००, दक्षिणेचे ५०० च्या आसपास लोक मेले, जायबंदी झाले किंवा पकडले गेले. रण स्टुअर्टच्या ताब्यात राहिले, म्हणून कागदावर जीत त्याची. पण त्याच मॅक्लेलनने नंतर लिहून ठेवले की या दिवसाने उत्तरेचे घोडदळ घडवले. बारगीर शिलेदाराला घाबरेनासा झाला. तीन आठवड्यांनी पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्गला ली शत्रूचा माग नसताना लढाईत ओढले गेले आणि स्टुअर्ट उगवला दुसऱ्या दिवशी. वरातीमागून घोडे. ब्रँडी स्टेशनची नाचक्की धुऊन काढायला तो लांबच्या फेरीवर गेला, असे म्हणणारे पुष्कळ आहेत.

आता फलकाची तक्रार. मला फलक आवडतात. रिचमंडच्या मॉन्युमेंट अॅव्हेन्यूवर याच स्टुअर्टचा उधळत्या घोड्यावरचा पुतळा होता, तो जुलै २०२० मध्ये उतरवला. ते योग्य झाले असे मी मानतो. पुतळा मान वर करायला लावतो. फलक बिचारा डोळ्यांच्या उंचीवर उभा राहून काय झाले ते सांगतो आणि त्याच्याशी वाद घालता येतो. तर माझा वाद हा. लढाईच्या फलकांवर वाक्याचा कर्ता कायम सेनापती असतो. अमक्याने नदी ओलांडली, तमक्याने हल्ला परतवला. शिलेदाराचा घोडा घरून आला हे मी वर लिहिले. त्या घरी नांगर कोण धरत होते? घोड्याचा दाणा कोणी पिकवला? १८६० च्या शिरगणतीत, ब्रँडी स्टेशन जिच्यात येते त्या कल्पेपर काउंटीची वस्ती १२,०६३. त्यांतले ६,६७५ गुलाम. अर्ध्याहून जास्त. दक्षिणेची फौज कशासाठी लढत होती याचे उत्तर त्या आकड्यात आहे, आणि लढाईच्या शंभर शब्दांत त्याला सहसा जागा मिळत नाही. पुढच्या वर्षी, मे १८६४ मध्ये, त्याच केलीच्या उताराने युनियनच्या काळ्या सैनिकांच्या पलटणी नदी उतरून दक्षिणेकडे निघाल्या. तो उतार पाहताना मला ग्रेगपेक्षा हे लोक जास्त दिसतात.

अलीकडे व्हर्जिनियात काळ्या लोकांच्या इतिहासाचे नवे फलक पुष्कळ लागले आहेत, काही जुन्यांचा मजकूरही बदलला आहे. नवा फलक लावायचा तर कोणीतरी प्रस्ताव द्यायचा, पुरावे जोडायचे, खर्च उचलायचा, मग राज्याचे मंडळ मजकूर तपासून मान्यता देते. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखी माणसेच हे करतात. गणपतीची वर्गणी आपण जमवतोच की.

"पण हा इतिहास आपला नाही." हे मला फोनवर दोघांनी ऐकवले. बरे. तुमच्या मुलांनी तो चौथीत शिकलेला आहे, व्हर्जिनियात चौथीला राज्याचा इतिहास असतो, आपल्याकडे असायचा तसाच. आणि तुमच्यातल्या कित्येकांच्या पत्त्यात 'ऑल्डी' लिहिलेले आहे. ब्रँडी स्टेशननंतर आठव्या दिवशी, १७ जूनला, हीच दोन घोडदळे ऑल्डीला भिडली, मग मिडलबर्गला, मग २१ तारखेला अपरव्हिलला. रूट ५० वरून दूध आणायला जाता तोच रस्ता. तेव्हा युद्ध तुमच्या दारावरून गेलेले आहे, तुम्ही फक्त दीडशे वर्षे उशिरा राहायला आलात.

यापेक्षा रोखठोक कारण जमिनीचे आहे. ब्रँडी स्टेशनची जमीन वाचली ती अगदी थोडक्यात. १९८० च्या दशकाच्या शेवटी एका बिल्डरने इथे हजारो एकर घेतली. नव्वदच्या दशकात याच शेतांवर फॉर्म्युला वन मोटारशर्यतींचा ट्रॅक बांधायचा घाट घातला गेला. सतरा हजार घोड्यांच्या जागी अश्वशक्ती, असा कोणाचा विनोद असेल तर तो वाईट नव्हता. गावातल्या आणि बाहेरच्या लोकांनी वर्षानुवर्षे भांडून ते थोपवले, पैसे जमवून जमीन तुकड्यातुकड्याने विकत घेतली. फ्लीटवुड हिलचा माथा तर २०१३ मध्ये हाती आला, ५६ एकरांना ३६ लाख डॉलर मोजून. वर बांधलेले घर नंतर पाडून टाकले. २०२४ च्या जूनमध्ये कल्पेपर बॅटलफील्ड्स नावाचे राज्य उद्यान रीतसर सुरू झाले. ग्रुपवर मी ज्याला गवत म्हणालो ते गवत इतके महाग आहे.

आणि आता डेटा सेंटरे. अॅशबर्नमध्ये ती कशी उगवली हे आपल्याला कोणी सांगायला नको, आपल्यातल्या कितीतरी जणांच्या घरची चूल त्यांवर पेटते, माझीही. कल्पेपर काउंटीतही त्यांच्यासाठी जमिनी जाऊ लागल्या आहेत. मी त्यांच्या विरोधात मोर्चा काढणार नाही, काढला तर माझा मॅनेजर मला हसेल. पण काउंटीची जनसुनावणी असते, तिची नोटीस निघते, आणि तिथे उठून तीन मिनिटे बोलायची मुभा असते. कोणती जमीन द्यायची आणि कोणती राखायची यावर तिथे बोलणाऱ्यांत आपले कोणी दिसत नाही. मी दोनदा जाऊन बसलो. एकदा बोललो. घसा कोरडा पडला होता आणि 'रॅपहॅनॉक' चुकीचे उच्चारले, पण कोणी हसले नाही.

तर थोडे उपयोगाचे. महामार्गाच्या कडेला गाडी थांबवू नका, माझे सोडा, माझी हवा गेली होती. फ्लीटवुड हाइट्स रोडला वळा, टेकाडावर पायवाट आहे, माहितीचे फलक आहेत, निवांत वाचा. गवतात शिरू नका, जूनमध्ये गोचिडी असतात. परतताना गावातले 'ग्रॅफिटी हाउस' बघा. १८५८ चे घर, युद्धात इस्पितळ झाले, आणि दोन्ही बाजूंच्या शिपायांनी भिंतींवर कोळशाने नावे लिहिली, चित्रे काढली. १९९३ मध्ये घर पाडायच्या बेतात असताना ती सापडली. किल्ल्यांवर बदाम कोरणाऱ्यांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या, आणि इथे एका शिपायाच्या वाकड्यातिकड्या अक्षरांतल्या नावासमोर दहा मिनिटे उभा होतो. आधी ते उघडे असते का याची चौकशी करून जा.

रविवारी सकाळी साडेसातला मी रूट १५ आणि ५० च्या चौकातून निघेन. थर्मासभर चहा माझ्याकडे. पोहे ज्याला जमतील त्याने आणावेत. कोणी आले नाही तरी मी जाणारच आहे, मुलगी येते म्हणाली आहे, आता गाडी तीच चालवते.

कळावे, लोभ असावा.

ग्रुपवर तो प्रस्ताव टाकणारा

ता. क. आमरसाचे डबे अजून शिल्लक असतील तर दोन माझ्यासाठी ठेवा.